खरबुजाचे बी आणि कच्चे घडे

परसात खरबूज लावणे हे काही अवघड काम नव्हे. थंडी ओसरू लागली की आळे करावे, शेणखत घालावे, तीन-चार बिया टोचाव्यात आणि त्यांतला जोमदार वेल तेवढा राखावा. आधी नुसती नर फुले येतात आणि मुले हिरमुसतात. मग एके दिवशी मागे चिमुकले फळ घेऊनच मादी फूल उमलते. मधमाशीची फेरी झाली की ते फळ धरते.

या फळाने एका बादशहालाही रडवले होते. बाबराने १५२६ साली पानिपत जिंकले. पण हिंदुस्थानात त्याला आपल्या मुलखासारखी खरबुजे मिळेनात. एकदा खरबूज कापून खाताना डोळे भरून आले, असे त्याने १५२९ साली काबूलच्या स्नेह्याला लिहिले. त्याने आग्र्याच्या बागेत बल्खच्या माळ्याकडून खरबुजे लावून घेतली. त्याच वर्षी जूनअखेर माळ्याने काही लहान, पण उत्तम फळे आणून दिली. बादशहा तृप्त झाला. पुढे दीड वर्षातच तो वारला.

आता आमच्या शिर्डीची बाग पाहा. ती लावणाऱ्या फकिराचे मूळ गाव कोणालाच ठाऊक नव्हते. हेमाडपंतांचे ‘श्रीसाईसच्चरित’ सांगते, की साईबाबांनी राहात्याहून झेंडू, जाई, जुई यांची रोपे आणली, पडीक जागा साफ केली आणि ती लावली. वामन तात्या रोज दोन कच्चे घडे देत. बाबा विहिरीचे पाणी ओढून खांद्यावरून नेत, झाडांना घालत. संध्याकाळी घडे निंबातळी ठेवले की फुटत, कारण ते भाजलेलेच नसत. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन नवे घडे! हा क्रम तीन वर्षे चालला.

पुढे त्याच जागी नागपूरच्या बुटींचा वाडा उभा राहिला आणि १९१८ च्या दसऱ्याला बाबांनी देह ठेवल्यावर त्यातच त्यांची समाधी झाली. बाग गेली. आज तेथे हात जोडणाऱ्या कितीजणांना ठाऊक असते, की या फरशीखाली कोणी एके काळी खांद्यावरून पाणी वाहिले होते?

बाबराने लावले ते हरवलेल्या घराच्या आठवणीने. बाबांनी लावले ते जिथे राहिले त्या गावासाठी. दोघांनाही रोपापाशी वाट मात्र पाहावीच लागली.

यंदा खरबूज कापाल तेव्हा बिया धुऊन, सावलीत वाळवून, राख लावून ठेवा. पुढल्या वर्षी आळे करायला मुलांना हाताशी घ्या; आणि पाण्याचा तांब्या त्यांच्याच हाती द्या.