गर्दीच्या तासांचा हिशेब : प्रस्तावना

तळेगाव एमआयडीसीतला कारखाना असो की लोणावळ्यातलं रिसॉर्ट, दर महिन्याला एक बिल असं येतं की जे मालकही वाचत नाही आणि अकाउंटंटही. विजेची युनिटं तपासली जातात, डिझेलचे लिटर मोजले जातात. इंटरनेटचं बिल मात्र वर एमबीपीएसचा आकडा, खाली 18 टक्के जीएसटी, एवढं बघून पास होतं. हे पुस्तक त्या वरच्या आकड्याविषयी आहे. त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही. सरासरी काढता आली आणि आकडे उतरत्या क्रमाने लावता आले की पुरे.

या विषयाची सुरुवात मी मावळातल्या तळ्यांपासून करतो. लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथलं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून टाटांनी 1915 मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवायला सुरुवात केली. वीज विकणाऱ्या सगळ्यांपुढेच त्या काळी एक पेच होता. जनित्रं आणि तारा यांवर किती पैसा घालायचा, हे ग्राहकाने महिनाभरात एकूण किती वीज वापरली यावर ठरत नाही. सगळ्यांना एकाच वेळी किती लागते यावर ठरतं. इंग्लंडात जॉन हॉपकिन्सन यांनी 1892 मध्येच याची मांडणी केली होती. आज उच्चदाब ग्राहकाच्या बिलात युनिटांच्या पैशांशेजारी केव्हीएवर लागणारा ‘मागणी आकार’ असतो, तो त्याच विचाराचा वारस.

बँडविड्थचंही तसंच आहे. समुद्राखालच्या केबली मुंबईला वर येतात आणि तिथून रेल्वे व रस्त्यांच्या कडेने गेलेली फायबर बोरघाट चढून पुण्याकडे जाते. ही फायबर आणि तिच्या टोकांची यंत्रं एकदा बसली, की रात्री तीन वाजता तिच्यातून एक जीबी गेला काय नि शंभर गेले काय, खर्च जवळपास तोच. खर्च वाढतो तो संध्याकाळच्या गर्दीला ती अपुरी पडू लागली म्हणजे. म्हणून या क्षेत्रात ‘किती वापरलं’ यापेक्षा ‘कधी वापरलं’ हा प्रश्न मोठा. अख्ख्या पुस्तकातून वाचकाने एवढं एकच घेतलं तरी माझी तक्रार नाही.

हे सुचायला वेळ लागला. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा हिशेब जोडणीच्या तासांचा होता. तिकडे अमेरिकेत जेफ्री मॅकी-मेसन आणि हॅल व्हेरियन हे अर्थशास्त्रज्ञ त्याच सुमारास गर्दीच्या वेळी डेटाच्या प्रत्येक पुडक्याचा लिलाव करावा असं सुचवत होते. कल्पना देखणी, पण व्यवहारात ती कोणी आणली नाही. अँड्र्यू ओडलिझ्को यांनी पुढे दळणवळणाचा जुना इतिहास धुंडाळून दाखवलं, की ग्राहकाला ठरावीक रक्कमच आवडते, प्रसंगी ती महाग पडली तरी. आपल्याकडच्या बहुतेक लीज्ड लाइनी तशाच विकल्या जातात: शंभर एमबीपीएस घ्या, वापरा न वापरा, भाडं तेवढंच.

मात्र जो बँडविड्थ घाऊक घेतो, म्हणजे डेटा सेंटर, मोठी कंपनी किंवा गावातला इंटरनेट पुरवठादार, त्याच्याकडे अनेकदा 95 व्या शतमकाचा नियम येतो. राउटरच्या पोर्टवरचा काउंटर दर पाच मिनिटांनी वाचायचा आणि त्या पाच मिनिटांची सरासरी गती लिहून ठेवायची. तीस दिवसांत अशा 8,640 नोंदी होतात. त्या उतरत्या क्रमाने लावायच्या, वरच्या पाच टक्के, म्हणजे 432, काढून टाकायच्या. पुढची जी नोंद तिच्यावर बिल. या 432 नोंदींचे होतात 36 तास. विजेच्या मागणी आकारात एकच उच्चांक महागात पडतो. इथे महिन्याला छत्तीस तासांची गर्दी माफ आहे.

आता ही माफी लोणावळ्यात नेऊन पाहू. समजा तिथल्या एका पुरवठादाराचा एरवीचा वापर 300 एमबीपीएस आहे आणि शनिवार-रविवारी रात्री आठ ते बारा तो 800 वर जातो. जुलै 2026 मध्ये शनिवार चार, रविवार चार. गर्दीचे तास 32. एकतीस दिवसांच्या महिन्यात माफी 37 तासांच्या थोडी वर, त्यामुळे बिल 300 चं. ऑगस्ट 2026 शनिवारी सुरू होतो. शनिवार पाच, रविवार पाच, गर्दीचे तास 40. बिल 800 चं! ग्राहकांची सवय तीच, भुशी डॅमवरची गर्दी तीच. बदललं ते कॅलेंडर. बुद्धिमान माणसंही पहिल्यांदा हे ऐकून चूक शोधू लागतात. चूक नाही. उंबरठ्यावर बसलेल्या ग्राहकाला हा नियम असा वागवतो, आणि सलग सुट्ट्यांवर जगणाऱ्या गावात उंबरठ्यावर बसलेलेच पुष्कळ.

पावसाळ्यात आणखी एक गंमत. मुख्य फायबर कुठे तुटली की सगळा भार दुसऱ्या कंपनीच्या राखीव लाइनवर जातो. दुरुस्ती दीड दिवसात झाली तर राखीव लाइनचं बिल जवळपास हलत नाही. लांबली, की महिनाभराचा दर त्या संकटाच्या गतीने लागतो.

मोजमापाच्या यंत्रणेवर एक पूर्ण प्रकरण आहे, कारण तिथले दोष मला बिलांवरच्या वादांपेक्षा रंजक वाटतात. पोर्टवरचा जुना 32 बिटी काउंटर 4,294,967,296 बाइटनंतर पुन्हा शून्यावर येतो. शंभर एमबीपीएसला याला पावणेसहा मिनिटं लागतात, म्हणजे पाच मिनिटांच्या वाचनात तो निसटत नाही. एक जीबीपीएसला मात्र तो सुमारे 34 सेकंदांत फिरतो. दोन वाचनांत किती फेऱ्या झाल्या हे कळायला मार्ग नाही, आणि नुकसान होतं ते विकणाऱ्याचं. म्हणून 64 बिटी काउंटर आले. टोबियास ओटिकर यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेलं एमआरटीजी हे मोफत साधन असे काउंटर वाचून आलेख काढतं. ग्राहकाने ते किंवा तसलंच काही स्वतःच्या राउटरवर लावावं, असा माझा आग्रह आहे. पुरवठादाराच्या आकड्याशी दुसरा आकडा ताडून पाहिला नाही, तर त्याला तपासणी म्हणता येत नाही.

भांडणं बहुधा आकड्यांवरून होत नाहीत, व्याख्यांवरून होतात. येणारी आणि जाणारी गती यांतली मोठी धरायची की बेरीज? नोंद चुकली तर ती शून्य मानायची की वगळायची? महिना भारतीय वेळेने संपतो की साडेपाच तास उशिराने, ग्रिनिचच्या वेळेने? दोन पोर्ट असतील तर आधी बेरीज करून शतमक काढायचं की प्रत्येकाचं काढून बेरीज करायची? शेवटच्या प्रश्नावर बिलात मोठा फरक पडू शकतो, आणि करारात त्यावर ओळही नसते.

तेव्हा पहिलं प्रकरण उघडण्यापूर्वी वाचकाने आपला करार शोधून जवळ ठेवावा. वरच्या चार प्रश्नांची उत्तरं त्यात नसतील, तर ती नूतनीकरणाच्या वेळी लेखी मागून घ्यावीत. सही झाल्यावर ती मागण्याला फारसा अर्थ राहत नाही.