खाजकुइलीची बी

सकाळी सातला बाबांची पहिली गोळी. त्यानंतरचा पाऊण तास घरात कोणी त्यांना घाई करत नाही. कपबशी खुळखुळते, बटण काजात जात नाही. मग हात हळूहळू सैल होतात आणि ते आपले आपण उठून गॅलरीत जातात. कंपवाताच्या या गोळीच्या वेष्टनावर दोन नावं आहेत, लेव्होडोपा आणि कार्बिडोपा. त्यातलं पहिलं आमच्या डोंगरावर उगवायचं, हे मला फार उशिरा कळलं.

डोंगर म्हणजे उलव्याचा, विमानतळासाठी सुरुंग लावून सपाट केला तो. तिथे करवंदीच्या जाळ्यांवर खाजकुइलीचे वेल चढायचे. एकदा होळीची लाकडं आणताना धाकट्याच्या मानेवर वाळकी शेंग घासली. तो गडाबडा लोळला. आजीनं त्याला अंगभर शेण चोळलं, आणि मला दोन धपाटे. शेंगेवरच्या सोनेरी लवेत म्युक्युनेन नावाचं प्रथिन असतं, खाज मुख्यतः त्याची. 1954 मध्ये त्याच लवेत सेरोटोनिनही सापडलं, म्हणजे मेंदूत पेशीकडून पेशीकडे निरोप नेणारं रसायन. लवेत एक निरोप्या, आणि आतल्या बीत दुसऱ्याचा कच्चा माल.

वैद्यांना ही बी जुनीच. पनवेलला धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना 1872 पासूनचा, तेव्हा आमच्या भागात औषधी मुळ्या-बियांचं अप्रूप नाही. संस्कृतात वेलीची नावं कपिकच्छू आणि आत्मगुप्ता. स्वतःची राखण स्वतः करणारी, हे दुसरं मला फार आवडतं. बी गाईच्या दुधात शिजवायची, साल काढायची, वाळवून कुटायची. उपयोग मुख्यतः शक्तीसाठी आणि वीर्यासाठी. आजही जाहिरातींना एवढंच ठाऊक आहे.

1937 साली दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बीतून डोपा, म्हणजे गोळीतलं लेव्होडोपा, वेगळं काढलं. पण त्याचं करायचं काय? डोपापासून होणाऱ्या डोपामिनला मेंदूत स्वतंत्र काम आहे, हेच तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. ते कळायला आणखी वीस वर्षं लागली, आणि वाट पुन्हा आपल्याच एका मुळीवरून गेली. सर्पगंधा रक्तदाब उतरवते, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी 1949 मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडलं. तिच्यातलं रेसरपिन 1952 मध्ये स्वित्झर्लंडात वेगळं झालं. 1957 मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी ते सशांना दिलं, तर ससे कान पाडून निपचित. मग डोपा टोचलं, आणि थोड्याच वेळात ससे हिंडू लागले. 1961 मध्ये व्हिएन्नात डोपा कंपवाताच्या रुग्णांना टोचलं गेलं. कंपवातात मेंदूत कमी पडतं ते डोपामिन, पण खुद्द डोपामिन देऊन भागत नाही. रक्तातून मेंदूत शिरताना ते दारातच अडतं. डोपा आत जातं आणि तिथे डोपामिन होतं. वाटेतच त्याचं रूपांतर होऊ नये, म्हणून सोबत कार्बिडोपा.

मग मुंबईतल्याच डॉक्टरांना आपल्या बीची आठवण झाली. 1978 मध्ये अशोक वैद्य, नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांनी खाजकुइलीनं केलेल्या कंपवाताच्या उपचारावर लेख लिहिला. 2004 मध्ये लंडनला आठ रुग्णांवर झालेल्या चाचणीत बीची 30 ग्रॅम पूड नेहमीच्या गोळीच्या साधारण निम्म्या वेळात लागू पडली. आठच माणसं, हे विसरायचं नाही.

हे सगळं बाबांना वाचून दाखवलं, ती माझी चूक. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पूड मागितली. गोळीवर आणखी डोपा पोटात गेलं तर हातपाय आपसूक वळवळू लागतात, आणि कुठल्या बीत किती आहे ते घरी कसं मोजणार? डॉक्टर नको म्हणाले. बाबा थोडे रुसले.

"डोंगूर गेला, आता कुयली तरी कुठं मिलनार," ते म्हणाले. मग जरा थांबून, "कर्नाल्याला असंल."

"ते अभयारण्य आहे, बाबा. शेंगेला हात लावू देणार नाहीत."

"तिला हात लावतो कोन," म्हणाले, आणि मान खाजवली.