'फास्ट फूड' : एका संज्ञेचा अर्थ

'फास्ट फूड' या संज्ञेतील वेग अन्नाचा नव्हे, ते पुरवणाऱ्या व्यवस्थेचा. (इंग्रजीत 'फास्ट' म्हणजे उपवासही, दोन्ही अर्थांचे मूळ 'घट्ट, अढळ' या एकाच अर्थात!) १९४८ साली कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे मॅक्डोनल्ड बंधूंनी पदार्थांची यादी छाटून नऊवर आणली, काटे-चमचे हद्दपार केले, ग्राहकाला खिडकीशी उभे केले आणि स्वयंपाक टप्प्याटप्प्यांत वाटून आचाऱ्याचे कसब अनावश्यक ठरवले. १९५५ पासून रे क्रॉक यांनी या पद्धतीची साखळी पसरवली आणि संज्ञेत एकसारखेपणाही मुरला. १९८६ मधील रोमच्या निषेधातून जन्मलेल्या 'स्लो फूड' चळवळीचा रोख या सपाटीकरणावरही होता. आपला 'झटपट खाद्य' हा प्रतिशब्द मात्र केवळ वेग टिपतो. म्हणूनच वडापावही त्यात सहज बसवला जातो. वास्तविक गाडीगणिक त्याची चटणी बदलते.