बाटली आडवी झाली, घराचं काय?



‘आडवी बाटली’ म्हणजे काय, हे आपल्या बायकांना समजावून सांगावं लागत नाही. गावातलं दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं यावर मतदान होतं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं, की दुकानाला कुलूप लागतं. महाराष्ट्रात कितीतरी गावांत बायकांनी ही लढाई जिंकली आहे.

पण दुकान बंद झालं तरी एखादीचा नवरा शेजारच्या गावी जाऊन पिऊन येतोच. ती रात्री दाराकडे कान लावून बसते. उसने पैसे फेडते. मुकादमाला ‘त्यांना ताप आलाय’ असा खोटा निरोप धाडते. आणि मनात एकच प्रश्न घोळत असतो, ‘माझंच काही चुकलं का?’ या बाईला आधार कधी आणि कसा मिळू लागला, ते आज सांगते.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. लोइस नावाच्या बाईचं 1918 साली बिल विल्सन यांच्याशी लग्न झालं. बिल शेअर बाजारात काम करायचे. दारूपायी सगळं गेलं. लोइस दुकानात नोकरी करून घर चालवायची आणि नवऱ्याला सावरायची. समजावलं, रडली, भांडली, पण दारू काही सुटेना. शेवटी 1934 च्या डिसेंबरात बिल यांनी दारू सोडली. पुढच्याच वर्षी त्यांना डॉ. बॉब स्मिथ भेटले, तेही दारूत बुडालेले डॉक्टर. एकमेकांना आपली कहाणी सांगत दोघंही दारूपासून दूर राहिले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. आपल्याकडे तिला ‘एए’ म्हणतात.

आता लोइस सुखी व्हायला हवी होती ना? एके दिवशी बिल म्हणाले, “चल लवकर, सभेला उशीर होतोय.” लोइसने पायातला बूट काढून त्यांच्याकडे भिरकावला! मग तिची तीच चकित झाली. नवरा तर पीत नाही, मग हा राग कसला? विचार केल्यावर तिला उमगलं, की इतकी वर्षं नवऱ्याला सांभाळता सांभाळता आपलंही मन आजारी पडलंय, आणि त्याच्यावर इलाज कोणीच केलेला नाही.

नवऱ्यांच्या सभा चालायच्या तेव्हा बायका बाजूला बसून आपापसात बोलायच्या. त्या बोलण्यातूनच ठिकठिकाणी त्यांचे गट तयार झाले. 1951 साली लोइस आणि तिची मैत्रीण ॲन यांनी अशा 87 गटांना पत्रं लिहिली आणि सगळ्यांना एका धाग्यात ओवलं. तीच ‘अल-अ‍ॅनॉन’ ही कुटुंबीयांची संघटना. 1957 साली व्यसनी माणसांच्या मुलांसाठी ‘अलाटीन’ सुरू झालं. मुलं बोलत नसली तरी घरातलं सगळं त्यांच्या मनावर उमटत असतं.

या बायकांनी तीन गोष्टी मनाशी पक्क्या केल्या. त्याचं व्यसन माझ्यामुळे लागलं नाही. ते माझ्या हातात नाही. आणि ते बरं करणंही माझ्या हातात नाही. माझ्या हातात आहे ते माझं स्वतःचं वागणं.

आता पुण्याला येऊ. 1980 नंतरच्या वर्षांत गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, तरुण पोरांना गिळत होती. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत देऊ केली. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता, म्हणजेच सुनंदा, मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांच्या पुढाकाराने 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याला ‘मुक्तांगण’ सुरू झालं. तिथे व्यसन हा आजार मानला गेला, आणि त्याची झळ सगळ्या घराला लागते हेही ओळखलं गेलं. म्हणून पत्नींसाठी तिथे ‘सहचरी’ नावाचा गट आहे.

मैत्रिणींनो, न्यूयॉर्क असो की येरवडा, सुरुवात एकच. बायका एकत्र बसल्या आणि झाकलेलं बोलल्या. आपल्या बचत गटाची बैठक तर दर महिन्याला होतेच. हप्ते गोळा झाले की अर्धा तास यासाठी ठेवता येईल. एक नियम मात्र कडक हवा, इथलं बोलणं पाणवठ्यावर जाता कामा नये. कुणी सांगू लागली तर सल्ले देण्याची घाई नको, आधी ऐकून घ्या.

घरी काय करायचं? तो प्यालेला असताना वाद घालू नका. सकाळी शुद्धीवर असताना थोडक्यात, ठामपणे बोला. त्याची उधारी तुम्ही फेडू नका, खोटे निरोप धाडू नका. सावरलेला माणूस कधी पुन्हा घसरतो. म्हणून सगळं वाया गेलं असं नाही, उपचार परत सुरू करता येतात. रोज खूप पिणाऱ्याने एकदम दारू सोडली तर थरथर सुटते, झटकेही येतात, जिवावर बेतू शकतं. तेव्हा दारू सोडायची ती डॉक्टरांना विचारूनच.

आणि मारहाण होत असेल तर सहन करत बसायचं नाही. मुलांना घेऊन आधी सुरक्षित ठिकाणी जा. महिलांसाठी 181 आणि तातडीच्या मदतीसाठी 112 हे क्रमांक आहेत. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी 14446 वर फुकट फोन करता येतो. घरच्या माणसांनीही तो करावा.

तो कधी सोडेल हे आपल्याला सांगता येणार नाही. पण तोवर तुमची झोप, तुमचं जेवण, मुलांची शाळा थांबायला नको. पुढच्या बैठकीला गप्प गप्प बसणारी एखादी मैत्रीण दिसली, तर तिच्या शेजारी जाऊन बसा.