पोकर : रोख डाव आणि स्पर्धा

पैसे लावून पोकर खेळण्याच्या दोन मुख्य पद्धती. रोख डावात चिप म्हणजे तेवढेच रुपये. खेळाडू हवा तेव्हा उठून पैसे मोजून घेतो. स्पर्धेत प्रवेशशुल्क आधी भरायचे असते, मिळालेल्या चिप्स बाहेर वटत नाहीत. सक्तीच्या पैजा, म्हणजे ब्लाइंड, ठरावीक वेळाने वाढतात आणि बक्षिसे बहुधा वरच्या दहा-पंधरा टक्के खेळाडूंनाच मिळतात.

फरक एका हातात कळतो. हातात बदामाचे दोन पत्ते, टेबलावरच्या तिनांत आणखी दोन बदाम. मध्ये जमलेल्या दहा हजारांत प्रतिस्पर्ध्याने उरलेले दहा हजार ढकलले. आपणही दहा हजार टाकले, की तीस हजारांचा डाव. पाच बदाम जमले, की डाव आपला. उरलेल्या दोन पत्त्यांत बदाम येण्याची शक्यता सुमारे 35 टक्के, म्हणजे सरासरी वाटा 10,490 रुपये. रोख डावात हा हात खेळावा. मात्र अड्डा चालवणाऱ्याने पाच टक्के रेक, म्हणजे आपला हिस्सा, कापला (जुन्या अड्ड्यांवरची ‘नाल’ ती हीच), तर वाटा 9,970 वर येतो आणि तोच हात तोट्याचा ठरतो. म्हणून टेबलावर बसण्याआधी रेक विचारावा, पत्ते नंतर. स्पर्धेत दहा जण उरले असून नऊ बक्षिसे असतील, तर रेक नसतानाही हा हात टाकून द्यावा. तिथे गमावलेल्या चिप्स जिंकलेल्यांपेक्षा महाग असतात.

आता खेळायचे कुठे? जळगाव-धुळ्याकडे पत्ते म्हणजे रमी, तीन पत्ती, झन्ना-मन्ना. पोकर इथला जुना खेळ नव्हे. राज्यात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्याचे कलम 13 निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळते. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ म्हटले. पोकरला मात्र गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये जुगारच ठरवले. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा ऑगस्ट 2025 मध्ये संमत झाल्यावर मोबाइलवरचे टेबलही गेले. जवळचा परवानाधारक पर्याय म्हणजे पणजीला मांडवीत नांगरलेल्या कॅसिनो बोटी.

जळगावहून मंगला एक्सप्रेसने मडगाव गाठणाऱ्याला हा प्रवासखर्चही हिशेबात धरावा लागतो. स्पर्धेत पहिल्या तासात बाद झाला, तर फेरी वाया. रोख डावात निदान दोन दिवस बसता येते. उलट, हरताना पुन्हा पुन्हा खिशात हात घालणाऱ्याला रोख डाव घातक. ज्याला उठणे जमत नाही, त्याने स्पर्धाच खेळावी, आणि तीही पुनर्प्रवेश नसलेली.

कर दोन्हींना लागतो, पण स्पर्धा खेळणाऱ्याला तो जास्त झोंबतो. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर असतो. हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. वीस हजारांच्या दहा स्पर्धा खेळून एकीत अडीच लाख मिळाले, तर खरा नफा 50,000 आणि कर त्याहून अधिक.