पक्षी ओळखण्यात तुम्ही कितव्या पायरीवर?

ड्रायफस बंधूंच्या मॉडेलमध्ये कौशल्याच्या पाच पायऱ्या आहेत. किहीमच्या सुगरण पक्ष्यावर त्या लावून बघा. इथेच १९३० मध्ये सालिम अलींनी तिच्या विणीचा अभ्यास केला होता.

१. नवशिका: मर्लिन ॲप म्हणेल तेच खरं.
२. शिकाऊ: लोंबतं घरटं दिसलं की ओळखतो.
३. जाणकार: चोच, आवाज, जागा ताडूनच नाव सांगतो.
४. निपुण: हंगामानंतर पिवळेपणा गेलेला नर चिमणीच्या मादीसारखा दिसतो, तरी फसत नाही.
५. तज्ज्ञ: बघताक्षणी ओळखतो, खात्री नसेल तर तसंच सांगतो.

ईबर्डवरच्या नोंदी अभ्यासक वापरतात. त्यामुळे शंका असेल तर अंदाजाने नाव टाकू नका, आधी फोटो जोडा.