लाखोळीची डाळ आणि मज्जापेशींवरील ग्राही

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे १९८२ पर्यंत एकच होते. येथील धानाच्या शेतांत लाखोळी पेरण्याची रीत जुनी आहे. कमी ओलीवरही तग धरणारे हे पीक दुष्काळात गरिबांचा आधार ठरे. परंतु महिनोन् महिने तीच डाळ मुख्य अन्न झाली, की पाय कायमचे लुळे पडत. आयुर्वेदात यास कलायखंज म्हणतात. १९६१ साली या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. तिच्यातील विष मात्र त्यानंतर, १९६४ साली, बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अदिगा व सरमा यांनी वेगळे केले. हे विष मज्जापेशींवरील ग्लुटामेटच्या ‘अ‍ॅम्पा’ ग्राहींस अतिउद्दीपित करते, हे पुढे सिद्ध झाले. याच ग्राहींचा स्मृतीशीही संबंध आहे. त्यांचा एक घटक नसलेल्या उंदरांत तात्कालिक स्थलस्मृती क्षीण आढळली. तथापि कलायखंजाच्या रोग्याची बुद्धी व स्मृती सामान्यतः शाबूत राहते. जातात ते पाय. सारांश, केवळ ग्राहीच्या नावावरून रोगाचे स्वरूप ठरत नाही. आणि केवळ विक्रीबंदीने, आपल्याच शेतातील डाळ खाणाऱ्या कुटुंबाचे रक्षण होत नाही.